डोळा : एका देशी शब्दाची कुळकथा

भाषेच्या शुद्धाशुद्धतेचा विचार करताना मी एकच नित्याचा शब्द आपणापुढे ठेवतो, तो म्हणजे ‘डोळा’. आपल्या या हैदराबाद नगरीत एकाच इंद्रियाला उर्दूभाषक ‘आँख’ म्हणतात, तेलुगूभाषक ‘कन्नु’ म्हणतात आणि आपण ‘डोळा’ म्हणतो. ‘आँख’ हा संस्कृत ‘अक्षि’चा वंशज, तर ‘कन्नु’ द्राविडी कुळातला. ‘डोळ्या’चे या दोहोंशी नाते नाही.

प्राकृतात त्याचे रूप ‘डोल’ असे आहे. ज्यांची व्युत्पत्ती संस्कृतातून लागत नाही, अशा शब्दांना प्राकृत वैयाकरण ‘देशी’ म्हणत. बाराव्या शतकात हेमचंद्राने त्यांचा ‘देशीनाममाला’ हा स्वतंत्र कोशच रचला. गुजरातीत ‘आंख’ हा शब्द टिकून आहे व ‘डोळो’ म्हणजे डोळ्याचा गोळा. मराठीत आणि कोंकणीत मात्र हा शब्द सबंध इंद्रियालाच लागू आहे.

असे स्थित्यंतर केवळ आपल्याकडेच झाले असे नव्हे. ‘अक्षि’चा दूरचा भाऊबंद ‘ओको’ हा पोलिश, चेक व सर्बियन या स्लाव्ह भाषांत आजही डोळ्याचे नाव आहे. रशियनमध्ये तो काव्यापुरता उरला आणि व्यवहारात ‘ग्लाझ’ रूढ झाला. पोलिशमध्ये त्याच घराण्यातला शब्द मोठ्या दगडाचा वाचक आहे. जुन्या रशियन बखरीतील 1114 सालच्या नोंदीत त्याचे रूप काचेच्या मण्यांसाठी येते. गोल, गुळगुळीत वस्तूचे नाव हळूहळू इंद्रियाचे झाले.

मग आपला ‘अक्षि’ कोठे गेला? तो ‘प्रत्यक्ष’, ‘समक्ष’ आणि ‘साक्ष’ यांत आहे. आणि न्यायालयातल्या ‘साक्षीदारा’त तर तो फार्सी ‘दार’ प्रत्ययाशेजारी निश्चिंत बसला आहे.

1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि हैदराबादची मराठी तेलुगू-उर्दूच्या शेजारात राहिली. तेव्हापासून तिच्यावर भेसळीचा आरोप होत आला आहे. विद्यार्थ्याच्या निबंधातला ‘डोळा’ खोडून तेथे ‘नेत्र’ लिहिणाऱ्यांना मी विचारतो : संस्कृतोद्भव तेवढेच शुद्ध मानले, तर ‘डोळस’ माणसाला काय म्हणावे? ‘डोळ्यांत तेल घालून’ जागावे कसे? शब्दाचे कूळ अवश्य शोधावे. परंतु कुळावरून त्याला घराबाहेर काढू नये. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांना एवढे सांगितले, तरी या स्मृतिव्याख्यानाचे सार्थक होईल.