दारे उघडण्याचा क्रम

ऑक्टोबर 2023 मध्ये पुण्याजवळच्या ताथवड्यात टँकरमधून बेकायदा गॅस काढला जात असता सिलिंडरांचे एकापाठोपाठ स्फोट झाले आणि जवळ उभ्या असलेल्या शाळेच्या बसगाड्या जळाल्या, तेव्हा आसपासच्या माणसांना निदान दूर पळण्यास मोकळी वाट होती. याच ताथवड्याहून लोहगावच्या विमानतळावर जाऊन विमानात बसणाऱ्या प्रवाशास मात्र अशी वाट नसते, आणि पायांखालच्या मालकक्षात काय धुमसते आहे हेही दिसत नाही. आणि वैमानिकालाही दिसतो तो केवळ धुराचा इशारा.

हा इशारा कित्येकदा खोटा ठरतो, कारण फळे-भाजीपाल्यातून उठणारे बाष्प किंवा साधी धूळही धूरसूचकाला फसवू शकते. म्हणूनच खातरजमेचा मोह अनावर होतो. 19 ऑगस्ट 1980 रोजी रियाधहून जेद्दाकडे निघालेल्या सौदिया कंपनीच्या ट्रायस्टार विमानात मागच्या मालकक्षातून इशारा आला, त्याची शहानिशा करण्यात चार मिनिटांहून अधिक काळ खर्ची पडला, आणि तरीही ते विमान परतून धावपट्टीवर धडपणे उतरले. अनर्थ ओढवला तो त्यानंतर. जागच्या जागी थांबून दारे उघडण्याऐवजी विमान दोन मिनिटांहून अधिक काळ जमिनीवर धावत राहिले, थांबल्यावरही इंजिने तीन मिनिटे चालूच होती, त्यामुळे बचावपथकास जवळ जाता येईना. आणि इंजिने बंद झाल्यावर सुमारे तेवीस मिनिटांनी बाहेरून दार उघडले, तेव्हा आतील 301 जणांपैकी कोणीही जिवंत नव्हते.

म्हणून आता जमिनीवरील कार्यवाहीत क्रमाला सर्वाधिक महत्त्व आहे: आधी प्रवाशांची दारे, नंतर मालकक्षाचे. हॅलॉन वायू सोडून मालकक्षातील आग दाबून ठेवलेली असते, विझलीच असेल असे नाही. त्या कक्षाचे दार उघडले की वायू निसटतो, ताजी हवा आत शिरते आणि निखारा पुन्हा पेटू शकतो. यास्तव प्रवासी खाली उतरेपर्यंत मालकक्षाला हात लावावयाचा नाही, ही ताकीद जमिनीवरील कामगारांना स्पष्ट शब्दांत पोहोचली पाहिजे, आणि दार उघडताना अग्निशामक जवान सज्ज उभे असले पाहिजेत. इशारा पुढे खोटा निघाला तरी ही तजवीज व्यर्थ गेली असे मी मानीत नाही.

वाचकहो, मालकक्षात काही धुमसले तर ते कोणाला दिसत नाही, म्हणून पॉवर बँक तेथे जाणाऱ्या बॅगेत ठेवू नका. आणि विमान रिकामे करण्याचा हुकूम सुटताच सामान तेथेच टाकून दाराकडे चला.