चांद्यात ड्रॅगन कशाला हवा?

किशोरवयीन वाचकांसाठी अद्भुत कादंबऱ्या लिहिणाऱ्याचा अर्धा दिवस पटेल असं खोटं रचण्यात जातो. नकाशा काढा, राजघराणं उभं करा, शाप-उःशाप ठरवा, प्राण्यांना उलटे गुण चिकटवा. चंद्रपूर-गडचिरोलीत बैठक मारलेल्या लेखकाची पंचाईत वेगळीच. इथलं आहे तसं लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा आवरा!

नकाशाच घ्या. चंद्रपूरच्या, म्हणजे जुन्या चांद्याच्या, परकोटाची आखणी चक्क एका सशाने केली, असं दंतकथा सांगते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह अंगावरच्या गाठींनी बेजार होता. शिकारीला गेला, तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या खळग्यातलं पाणी प्याला, हातपाय धुतले आणि त्या रात्री कित्येक दिवसांनी गाढ झोपला. उठतो तर गाठी गायब! अचलेश्वराचं देऊळ याच जागेशी जोडलेलं आहे. पुढे कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. नीट वाचा, ससा कुत्र्याच्या मागे. राणी म्हणाली, हा शुभशकुन, ससा धावला त्याच वाटेने तट बांधा. आज शहराभोवती सुमारे ११ किलोमीटरचा तट आहे. त्याला जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आणि शिवाय पाच खिडक्या: चोर, मसाण, बगड, हनुमान, विठोबा. ‘मसाण खिडकी’ हे प्रकरणाचं नाव सुचायला एखाद्याला आठवडा लागला असता. दरवाज्यांवर हत्तीला लोळवणारा सिंह कोरलाय, म्हणजे मुखपृष्ठाचीही सोय झाली.

अर्धवट सोडलेल्या हस्तलिखिताची लाज वाटत असेल तर लालपेठ भागात चक्कर मारा. रायप्पा नावाच्या व्यापाऱ्याने भव्य देवळासाठी अखंड दगडांतून प्रचंड मूर्ती घडवून घेतल्या. देऊळ काही झालं नाही, मूर्ती मात्र शेकडो वर्षं उघड्यावर आहेत. त्यातल्या दहा तोंडांच्या देवीला लोक बिनदिक्कत रावण म्हणतात.

आता राक्षस. वरोरा तालुक्यातलं पिसदुरा हे गाव जगभरच्या जीवाश्मतज्ज्ञांना ठाऊक आहे, आणि तेही शेणामुळे. डायनासोरांचं, दगड झालेलं शेण. गवत हे डायनासोर संपल्यानंतरचं, असा शास्त्रज्ञांचा सर्वसाधारण समज होता; चित्रकारही त्यांच्या पायाखाली हिरवळ काढायला कचरायचे. मग २००५ साली वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की पिसदुऱ्याच्या शेणात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण आहेत. गवत त्या काळी होतं आणि हे अगडबंब प्राणी ते खातही होते. कादंबरीतला डायनासोर बिनधास्त चरू द्या. आणखी हवे असतील तर सिरोंचा तालुक्यात वडधमचं जीवाश्म उद्यान आहे, तिथे याहून जुन्या काळाचे अवशेष आहेत.

ताडोबातला नायक शोकांत आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. १९५५ साली तिथे राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. याउलट रडयार्ड किपलिंगने शिवनीच्या जंगलातला मोगली रंगवला तो अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बसून, शिवनी न बघता. थंड हवेत बसून त्याला जमलं म्हणा. चंद्रपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत लिहून दाखवलं असतं तर मानलं असतं.

अद्भुतरसाचा आपला जुना उस्ताद नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. शिकारीचा नाद असलेला हा गडी सिंहगडाच्या कड्यावरून कोसळला आणि कमरेखाली अधू झाला. मग अंथरुणावरून लेखन सुरू झालं आणि त्यातूनच पुढे ‘वीरधवल’ ही कादंबरी आली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांनी ती अधाशासारखी वाचली. विलास मनोहरांचं उलट. ते गडचिरोलीतल्या हेमलकशाला जाऊन राहिले आणि तिथल्या बिबट्यावर ‘नेगल’ लिहिलं. त्यात कल्पित काही नाही, तरी शहरातल्या पोराला अंगणातला बिबट्या ड्रॅगनपेक्षा कमी वाटत नाही.

कागदाचीही चिंता नको. खांडक्या राजाचं जुनं ठाणं असलेल्या बल्लारपुरातच कागदाचा मोठा कारखाना उभा राहिला, आणि इथल्या जंगलांतला बांबू त्याच्या लगद्यात गेला.

राहिला वाचक. तो पारखायचा तर वडसा गाठा, म्हणजे देसाईगंज. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचं हे केंद्र. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो: गावोगावी मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक, जे पहाटेपर्यंत चालतं. इथल्या नाटककाराला पहाटे तीन वाजता, दिवसभर धानकापणी करून आलेल्या माणसाला जागं ठेवायचं असतं. त्यासाठी तो मारामारी, लावणी, विनोद, मरण सगळं वापरतो, आणि कुठलंच कमी प्रतीचं मानत नाही. शहरी समीक्षक नाक मुरडतात, मुरडू देत. प्रकरणाचा शेवट कुठे तोडावा हे लेखनाच्या कुठल्याही कार्यशाळेपेक्षा इथे लवकर कळतं. तिकीट काढून बसा, आणि स्वेटर नक्की घ्या. डिसेंबरात मंडपातसुद्धा हुडहुडी भरते.