पेणला बसून रोह्याला

संगणकावर शेजारी शेजारी दोन फोल्डर करा, एक पेण आणि एक रोहा. देवनागरी नावं खुशाल चालतात. टर्मिनल उघडून पेणमध्ये जा आणि साध्या कंसात दोन आज्ञा लिहा: सीडीने रोह्यात जायचं आणि पीडब्ल्यूडीने ‘मी कुठे आहे?’ असं विचारायचं. उत्तर येतं, रोहा. कंस संपल्यावर लगेच तोच प्रश्न पुन्हा विचारा. उत्तर येतं, पेण! मग रोह्याला गेलं कोण?

गेली ती शेलची, म्हणजे टर्मिनलात तुमच्या आज्ञा वाचून पाळणाऱ्या प्रोग्रामची, नक्कल. कंस दिसला की शेल स्वतःची प्रत काढतो आणि काम तिच्यावर सोपवतो. ती रोह्याला पोचते, उत्तर देते आणि तिथेच संपते. मूळ शेल पेणमधून हललेलाच नसतो. फाइलींची यादी दाखवणारा एलएस हा बाहेरचा प्रोग्रामही असाच वेगळ्या प्रक्रियेत चालतो, आणि त्याचं काही बिघडत नाही. सीडीला मात्र खुद्द शेलचीच जागा बदलायची असते. बाहेर राहून ते जमणारच नाही.

युनिक्स ही कार्यप्रणाली घडवणारेसुद्धा इथे चकले होते. १९७० च्या आसपास बेल लॅब्समध्ये पीडीपी-७ यंत्रावर प्रक्रियेची नक्कल काढायची सोय झाली आणि फोल्डर बदलणारी आज्ञा चालेनाशी झाली. त्यांच्यापैकीच डेनिस रिची यांनी ही हकिगत लिहून ठेवली आहे. बराच वेळ कोड चाळल्यावर कळलं की आज्ञा आपलं काम चोख करत होती, पण ते तिच्या स्वतःच्या प्रक्रियेपुरतं, आणि ती प्रक्रिया लगेच संपत होती. अखेर ती आज्ञा शेलच्या पोटात घ्यावी लागली. आजही ती तिथेच आहे.

उरलेलं बरंच काही बाहेर थांबू शकतं. पॉल फाल्स्टॅड यांनी १९९० मध्ये प्रिन्स्टनला लिहिलेल्या झी-शेलमध्ये ही कला फार देखणी आहे. ‘कारखाना’ नावाच्या फाइलीत काही आज्ञा लिहा, ती ठरलेल्या फोल्डरात ठेवा आणि शेलला नुसतं तिचं नाव सांगा. सुरू होताना शेल ती उघडतही नाही. तुम्ही पहिल्यांदा ‘कारखाना’ टाइप केलंत की तो फाइल शोधतो, वाचतो आणि कामाला लागतो. टॅब दाबल्यावर अर्धी आज्ञा पुरी करणारी शेकडो फंक्शनं अशीच हाकेची वाट पाहत असतात.

रॉबी रसेल यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ओह माय झी-शेल’ या झी-शेलसाठीच्या तयार सोयींच्या संचाची मांडणी पाहताना पेणचे गणपती कारखाने आठवतात: धड साच्यातून निघतं, हात मागाहून जोडतात. तिथल्या ‘लिब’ फोल्डरातल्या फाइली शेल सुरू होताना प्रत्येक वेळी वाचल्या जातात. ‘प्लगिन्स’ फोल्डरातल्या तीनशेहून अधिक प्लगिनांपैकी, म्हणजे जोडसोयींपैकी, मात्र तुमच्या सेटिंगमधल्या यादीत असतील तेवढेच येतात. तिसरा फोल्डर ‘कस्टम’, आणि मला तो सर्वांत शहाणा वाटतो. मूळ प्लगिनाच्याच नावाचा तुमचा प्लगिन तिथे असेल, तर मान तुमच्या प्लगिनाला. नवी आवृत्ती आली तरी तुमच्या कामाला धक्का लागत नाही.

यादी मात्र आखूड ठेवावी. तिच्यातला प्रत्येक प्लगिन नवीन टर्मिनल उघडताना दर वेळी वाचला जातो. कोणत्या फंक्शनात किती वेळ गेला हे झी-शेलचा झेडप्रॉफ सांगतो, आणि तो स्वतःही गाभ्यात नाही. बोलावल्यावरच येणारं ते एक मॉड्यूल आहे.