बंदूक नसलेलं शूर विमान

दोस्तांनो, राजगडाच्या बालेकिल्ल्यावर चढलात ना कधी? भोर-वेल्ह्याकडचे असाल तर नक्कीच! वर पोचलं की समोर तोरणा दिसतो. भाटघर धरणाचं पाणी चमकतं. खालच्या वाटेनं कोण येतंय, तेही आधीच कळतं!

पण लढाई वाळवंटात असली तर? तिथे चढायला डोंगरच नाही! आणि शत्रू तर वाळूच्या टेकाडाआड लपलेला. मग काय करायचं? ओळखा बघू!

बरोब्बर! विमानात बसायचं!

आपल्या सैन्याकडे त्यासाठी एक चिमुकलं विमान होतं. त्याचं नाव ‘कृषक’. ते बंगळूरला तयार झालं होतं. एकच इंजिन. नाकावर गरगर फिरणारा पंखा. पंख खिडक्यांच्या वर बसवलेले, म्हणजे खाली बघताना मध्ये काही येत नाही. आणि त्यावर शस्त्रं किती असतील? एकही नाही! ना बंदूक, ना बॉम्ब!

मग ते लढाईत करायचं तरी काय? सांगतो. समजा, शाळेच्या भिंतीपलीकडे एक डबा ठेवलाय आणि तुम्हाला इकडून चेंडू मारून तो पाडायचाय. डबा तर दिसतच नाही! पण मैत्रीण भिंतीवर चढून बसलीय. ती ओरडते, “थोडा डावीकडे! आता जरा लांब!” तिसऱ्या-चौथ्या चेंडूला डबा आडवा! तोफा अशाच लांबच्या, न दिसणाऱ्या जागेवर मारा करतात. त्यांची ‘भिंतीवरची मैत्रीण’ म्हणजे कृषकचा वैमानिक. तो रेडिओवरून सांगणार, गोळा कुठे पडला आणि पुढचा कुठे टाकायचा. म्हणून हे वैमानिक मुळात तोफखान्याचेच अधिकारी असायचे. तोफखान्याची मोठी शाळा कुठे आहे, माहितेय? आपल्या नाशिकजवळ, देवळालीत!

आता एक मोठं नवल. हे विमान हळू उडायचं, तेच बरं होतं! पुण्याहून भोर सुमारे ५० किलोमीटर. ताशी हजार किलोमीटरनं जाणारं लढाऊ विमान तिथे तीन मिनिटांत पोचेल. एवढ्या वेगात खालचं झाड कुठलं आणि लपलेला रणगाडा कुठला, हे कसं ओळखणार? कृषकचा वेग ताशी साधारण २०० किलोमीटर. त्याला पाव तास लागेल. तेवढ्यात नीट बघता येतं. घिरट्या घालून पुन्हा पुन्हा बघता येतं!

पण थांबा. सावकाश आणि खालून उडणारं विमान शत्रूलाही छान दिसतं, नाही का? रणगाड्यांवर तर विमानांवर झाडायच्या मशीनगनही असतात. आणि कृषकला उलटून एक गोळीसुद्धा झाडता येत नाही. माझ्या मते, तरीही तिथेच घिरट्या घालत राहणं हे फार मोठं धाडस आहे!

४ डिसेंबर १९७१ची रात्र. भारत-पाकिस्तान युद्ध चालू होतं. राजस्थानातलं लोंगेवाला. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि सुमारे १२० जवान चौकीवर होते. समोरून आले पाकिस्तानचे चाळीसच्या आसपास रणगाडे! मदतीला जैसलमेरला हवाई दलाची हंटर विमानं तयार होती. पण त्यांना अंधारात मारा करता येत नव्हता. जवानांनी अख्खी रात्र चौकी धरून ठेवली. अख्खी रात्र!

उजाडलं आणि हंटर झेपावले. त्यांना वाट कोण दाखवत होतं? कृषकमधले मेजर आत्मासिंग! रणगाडे कुठे आहेत, कुठे वळताहेत, ते वरून रेडिओवर सांगत होते. रणगाडे जीव वाचवायला वाळूत गोल गोल पळू लागले. त्या दिवशी वरून काढलेल्या फोटोंत वाळूवर त्यांच्या चाकोऱ्यांची वेटोळी दिसतात. कुणी रांगोळी विस्कटावी तशी! शत्रूला लोंगेवाल्याची चौकी घेता आली नाही.

पुढे कृषक निवृत्त झालं आणि टेहळणीसाठी हेलिकॉप्टरं आली. कारगिलच्या लढाईत, १९९९ साली, बर्फाळ डोंगरांवर ‘चीता’ हेलिकॉप्टरं उडाली. जखमी जवानांनाही त्यांनी खाली आणलं!

सेनेचे हे वैमानिक आजही आपल्या नाशिकला शिकतात. मे २०२२मध्ये तिथल्याच समारंभात कॅप्टन अभिलाषा बराक यांना वैमानिकाचा ‘पंखां’चा बिल्ला मिळाला. सेनेच्या हवाई शाखेतल्या त्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक!