उन्हातील वाटचाल आणि चेहऱ्याची कांती

श्रवणबेळगोळचा विंध्यगिरी आपण कधी चढला आहात काय? जुन्या म्हैसूर राज्यातील आणि आता कर्नाटकाच्या हासन जिल्ह्यात असलेले हे तीर्थक्षेत्र कोल्हापूर-सांगलीकडील जैन कुटुंबांच्या चांगल्या परिचयाचे आहे. गोम्मटेश्वराच्या पायाशी मराठीतील अतिप्राचीन लेखांपैकी एक लेख कोरलेला आहे. सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढून गेल्यावर ती ५७ फुटांची मूर्ती समोर उभी राहते आणि यात्रेकरू वेळेचे भान विसरतो. मुक्कामी परतल्यावर मात्र आरसा त्याला दचकवतो. नाक व गाल रापलेले असतात, कपाळ हुळहुळत असते. ‘हवा तर किती थंड होती!’ असे तो आश्चर्याने म्हणतो.

हाच तो चकवा होय. उन्हाची ऊब आणि त्वचेला इजा करणारे अतिनील किरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ऊब अंगाला जाणवते, अतिनील किरण जाणवत नाहीत. हे स्थान समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० फूट उंच आहे. तेथे हवा आल्हाददायक असते, पण उंचीमुळे हे किरण उलट थोडे अधिकच प्रखर होतात. पातळ ढगही त्यांना फारसे अडवीत नाहीत.

मग उन्हाचा जोर ओळखावा कसा? आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसू लागली की सावध व्हावे. २०१८ सालचा महामस्तकाभिषेक फेब्रुवारीत झाला. त्या महिन्याच्या मध्यावर तेथे भर दुपारी माणसाची सावली त्याच्या उंचीच्या निम्म्याहूनही आखूड पडते. हिवाळा नुकताच सरत आला असला, तरी ऊन कोवळे नसते. म्हणून चढण शक्यतो सकाळी लवकर आटोपावी.

आच्छादन हा सर्वांत साधा व स्वस्त उपाय होय. छत्री, रुंद काठाची टोपी, दाट विणीचा पदर किंवा उपरणे जवळ असू द्यावे. गांधी टोपी डोके झाकते, परंतु तिला काठ नसल्याने चेहऱ्यावर सावली धरीत नाही. उरलेल्या भागासाठी ३० किंवा अधिक एसपीएफचे, दोन्ही प्रकारच्या अतिनील किरणांपासून रक्षण करणारे सनस्क्रीन वापरावे. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके मलम घ्यावे, निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे आणि दर दोन तासांनी, तसेच घाम पुसल्यावर, पुन्हा लावावे.

अभिषेकात दूध, उसाचा रस, हळद, चंदन, केशर यांच्या धारा मूर्तीवरून ओघळताना पाहून घरच्या उटण्याची आठवण येणे स्वाभाविक आहे. परंतु ती मूर्ती पाषाणाची आहे. आपली त्वचा सजीव व नाजूक आहे. हळद-चंदनाचा लेप सूर्यकिरणांपासून पुरेसे रक्षण करीत नाही, आणि पोळलेल्या चेहऱ्यावर डाळीचे पीठ चोळल्यास आग वाढते. लिंबाचा रस लावून तर उन्हात कधीच जाऊ नये. त्यातील द्रव्ये व ऊन यांच्या संयोगाने फोड येतात आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. पोळलेला चेहरा थंड पाण्याने हलकेच धुवावा, सुगंधरहित सौम्य मलम लावावे व भरपूर पाणी प्यावे. फोड आल्यास किंवा ताप भरल्यास डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. तेजस्वी चेहरा म्हणजे गोरा चेहरा नव्हे. सावळा वर्ण हे निसर्गाने दिलेले काही अंशी संरक्षणच आहे. उन्हाने वांग उमटले की अनेक भगिनी बाजारातील गोरेपणाच्या क्रीमकडे वळतात आणि खरा धोका तेथेच सुरू होतो. अशा काही क्रीममध्ये पारा आढळला आहे. २०२३ साली केरळात त्यांच्या वापरामुळे मूत्रपिंडांचे विकार जडल्याचे डॉक्टरांच्या निदर्शनास आले. काहींमध्ये स्टेरॉइड असते, त्याने त्वचा पातळ व लाल होते. ज्या डबीवर घटकद्रव्ये आणि उत्पादकाचा पत्ता नाही, ती घरात आणूच नये. वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

पुढील महामस्तकाभिषेक बारा वर्षांच्या क्रमाने २०३० साली येईल. त्या यात्रेच्या शिदोरीत एक छत्री अवश्य ठेवा आणि डोंगर चढताना आपल्या सावलीकडे लक्ष असू द्या.