इमारतींच्या नियमांची भाषा आणि दिव्यांगांची सुटका

इमारतींच्या सुरक्षिततेचे नियम हा स्थापत्यशास्त्राचा आणि अग्निशमन विद्येचा विषय मानला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि हे नियम शेवटी शब्दांत मांडलेले असतात. कोणत्या वास्तूला कोणते नाव द्यावयाचे, कोणत्या क्रियेचा कर्ता कोण, आणि कोणते वाक्य आज्ञार्थी व कोणते उपदेशपर, या प्रश्नांच्या उत्तरांवर त्यांचा अंमल अवलंबून असतो. जेथे दिव्यांग व्यक्ती निवास करतात, त्या संस्थांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष तीव्रतेने प्रत्ययास येते. तेथे एका शब्दाचा अर्थ चुकीचा लावला गेला, तर त्याची किंमत मनुष्यहानीने मोजावी लागण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात या नियमांची मांडणी आणि त्यांतील काही भाषिक प्रश्न यांचा परिचय करून देण्याचे योजिले आहे.

१. नियमांचे थर

महाराष्ट्रात या विषयासंबंधीचे नियम तीन थरांत आढळतात. पहिला थर राष्ट्रीय इमारत संहितेचा. भारतीय मानक संस्थेने ही संहिता १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. पुढे १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. प्रस्तुत विवेचनास २०१६ च्या आवृत्तीचा आधार घेतला आहे. तिचा चौथा भाग आग व जीवसंरक्षण यांविषयी आहे. ही संहिता स्वयमेव कायदा नव्हे. राज्याच्या कायद्याने किंवा स्थानिक नियमावलीने तिचा स्वीकार केला म्हणजे तिला बंधनकारकता येते. दुसरा थर राज्याच्या कायद्याचा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याने इमारतीचा मालक किंवा भोगवटादार याच्यावर ही जबाबदारी टाकली आहे. बसविलेली यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र त्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, सादर करावयाचे असते. तिसरा थर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचा. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सुगम्यतेची मानके, बांधकाम परवानगीच्या अटी आणि दिव्यांगांसाठी चालविल्या जाणाऱ्या संस्थांची नोंदणी यांविषयीच्या तरतुदी त्यात आहेत.

हे तिन्ही थर एकाच इमारतीला लागू होतात. परंतु ते एकमेकांची भाषा बोलतातच असे नाही. अग्निशमनाचा कायदा इमारतीकडे पाहतो, तर हक्कांचा कायदा व्यक्तीकडे पाहतो. दिव्यांग निवासगृहाची सुरक्षितता या दोहोंच्या सांध्यावर उभी असते.

२. नाव आणि वर्ग

संहितेत प्रत्येक इमारतीचा वर्ग तिच्या उपयोगावरून ठरतो, आणि वर्ग ठरला की पुढील सर्व मोजमापे त्यातून निघतात. निवासी इमारतींचा एक गट आहे; त्यात वसतिगृहांचा उपवर्ग येतो. शैक्षणिक इमारतींचा दुसरा गट आहे. तिसरा गट संस्थात्मक इमारतींचा असून त्याचे तीन उपवर्ग आहेत: रुग्णालये व आरोग्यधामे, अभिरक्षा-संस्था, म्हणजे अनाथालये, वृद्धाश्रम इत्यादी, आणि कारागृहे व मनोरुग्णालये.

आता एखादी मतिमंद मुलांची निवासी शाळा घ्या. दिवसा ती शाळा असते, रात्री वसतिगृह असते, आणि तेथील मुलांच्या परिचर्येचा विचार केला तर ती संस्था असते. अर्जात ‘शाळा’ लिहिले तर एक वर्ग, ‘वसतिगृह’ लिहिले तर दुसरा, आणि ‘संगोपनगृह’ लिहिले तर तिसरा लागू होण्याचा संभव राहतो. मुले तीच, खोल्या त्याच, जिनाही तोच; केवळ नाम बदलले की अपेक्षित सुरक्षितता बदलते.

या पेचातून सुटण्याचा मार्ग संहितेतच आहे. रुग्णालयांच्या उपवर्गाची व्याख्या करताना तिने प्रकृतीमुळे वा वयामुळे शारीरिक मर्यादा आलेल्या आणि स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तींच्या निवासाचा उल्लेख केला आहे. व्याख्येचा गाभा ‘स्वतःचा बचाव करण्याची क्षमता’ हा आहे. ‘रुग्णालय’ हे त्याचे केवळ एक उदाहरण होय. यास्तव वर्ग ठरविताना फलकावरील नावापेक्षा रात्री तेथे झोपणाऱ्या माणसांची ही क्षमता पाहणे व्याख्येच्या शब्दांशी अधिक सुसंगत ठरते.

३. निघणे आणि काढणे

सुटकेच्या मार्गासंबंधीचे बहुतेक नियम ‘बाहेर पडणे’ या क्रियेवर आधारलेले आहेत, आणि तिचा कर्ता इमारतीतील रहिवासी हाच गृहीत धरलेला असतो. धोक्याची घंटा वाजते, तो ती ऐकतो, तिचा अर्थ समजतो, उठतो, मार्ग शोधतो आणि बाहेर पडतो. या साखळीतील एखादा दुवा ज्याच्या बाबतीत तुटलेला आहे, त्याच्यासाठी मुळात क्रियापदच बदलते.

मराठीत हा भेद स्पष्टपणे व्यक्त होतो. ‘मुलगा निघतो’ यात मुलगा कर्ता आहे. ‘सेविका मुलाला काढते’ यात तो कर्म झाला आहे. ‘सुटणे’ व ‘सोडणे’ ही जोडीही अशीच आहे. या दोन टोकांच्या मध्ये मराठी व्याकरणाने ‘शक्य क्रियापद’ नावाचा एक वर्ग मानला आहे. ‘आजोबांना जिना उतरवत नाही’ या वाक्यात क्रिया आजोबांचीच आहे, पण तिच्या शक्यतेला मर्यादा आहे. विशेष असे की ‘सेविका आजोबांना जिना उतरवते’ या प्रयोजक रचनेतही क्रियापदाचे अंग तेच राहते. जेथे पहिले वाक्य खरे असते, तेथे दुसऱ्याची गरज उत्पन्न होते.

अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या जीवसुरक्षा संहितेने निवासी परिचर्यागृहांसाठी जवळजवळ हेच वर्गीकरण स्वीकारले आहे. तेथील रहिवाशांच्या समूहाची स्थलांतरक्षमता तीन प्रतींची मानली जाते: त्वरित, मंद आणि अव्यवहार्य. शेवटच्या प्रतीच्या निवासगृहांकडून अधिक कडक अपेक्षा केल्या जातात. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ही क्षमता एकट्या रहिवाशाची मोजली जात नाही; कर्मचाऱ्यांचे साहाय्य धरून साऱ्या गटाची मोजली जाते.

याचे महत्त्व एका काल्पनिक गणिताने स्पष्ट होईल. संस्थात्मक इमारतीत बाहेर पडण्याच्या दारापर्यंतचे चालण्याचे अंतर अग्निरोधक बांधकामात सामान्यतः ३० मीटरपेक्षा अधिक नसावे, असा संहितेचा दंडक आहे. सेकंदाला १.२ मीटर वेगाने चालणारा मनुष्य हे अंतर २५ सेकंदांत तोडील. परंतु १२ रहिवासी अंथरुणास खिळलेले असून रात्रपाळीस एकच सेविका आहे असे समजा. प्रत्येकास चाकाच्या खुर्चीत बसविण्यास ३० सेकंद, दारापर्यंत नेण्यास ५० सेकंद आणि परत येण्यास २५ सेकंद लागतात असे धरले, तर बारावा रहिवासी दाराबाहेर जाईपर्यंत १,२३५ सेकंद, म्हणजे वीस मिनिटांहून अधिक वेळ जाईल. अंतराचा नियम तंतोतंत पाळला गेला असूनही हे घडते. सेविका दोन असत्या तर हाच काळ सुमारे दहा मिनिटांवर आला असता.

म्हणूनच अशा वास्तूंसाठी ‘आडव्या सुटके’चे तत्त्व मानले गेले आहे. रहिवाशांना एकदम रस्त्यावर न नेता, त्याच मजल्यावर आग व धूर अडविणाऱ्या भिंतीपलीकडच्या कक्षात प्रथम न्यावयाचे. अंथरुणास खिळलेल्या रुग्णांचा विभाग २८० चौरस मीटरपेक्षा मोठा असल्यास त्यांना खाटेसह धूररोधक भिंतीपलीकडे हलविण्याची सोय असावी, असे संहितेत सांगितले आहे. रुग्णांच्या खोल्यांना लागून असलेल्या मार्गिकेची रुंदी २.४ मीटर असावी, ही अपेक्षाही त्याच हेतूने आली आहे. वरच्या उदाहरणात अशी भिंत १० मीटरवर असती, तर एकटी सेविकासुद्धा सुमारे अकरा मिनिटांत सर्वांना पलीकडे नेऊ शकली असती. दोघींना साडेपाच मिनिटे पुरली असती. एका योग्य जागी घातलेली भिंत आणि एक जादा कर्मचारी यांचे मोल येथे जवळजवळ सारखे ठरते.

उताराच्या मार्गाचाही विचार याच रीतीने करावा लागतो. १ : १२ या प्रमाणात तीन मीटर चढण्यासाठी, मधले सपाट टप्पे वगळता, ३६ मीटर लांबीचा उतार लागतो. लहान जागेत हे शक्य नसते, आणि आगीच्या वेळी साध्या उद्वाहकावर विसंबता येत नाही. तेव्हा ज्यांना जिना उतरवत नाही त्यांची शयनगृहे तळमजल्यावर ठेवणे हा उपाय सर्वांत कमी खर्चाचा ठरतो.

४. कुलूप आणि साखळी

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील रामनाथपुरम् जिल्ह्यात एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खाजगी आश्रयस्थानास आग लागून २८ जण मृत्युमुखी पडले. ते साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांच्या बाबतीत बाहेर पडण्याच्या मार्गाची रुंदी किती होती हा प्रश्नच उद्भवला नाही. या घटनेची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याने मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास स्पष्ट मनाई केली.

साखळी गेली तरी कुलूप राहते. मुले भटकू नयेत म्हणून शयनगृहाला रात्री बाहेरून कडी लावण्यामागे संस्थाचालकांचा हेतू रक्षणाचाच असतो. संहितेने कुलूपबंद विभागांचे अस्तित्व मान्य केले आहे. परंतु आगीच्या प्रसंगी तेथील लोकांची तात्काळ मुक्तता करता येईल असे भरवशाचे साधन असलेच पाहिजे, अशी अट घातली आहे. ‘रक्षण’ या एकाच शब्दात भटकण्यापासून रक्षण आणि आगीपासून रक्षण असे परस्परांविरुद्ध जाणारे दोन अर्थ येथे एकत्र नांदतात. किल्ली कोणाजवळ आहे, आणि ती व्यक्ती रात्री कोठे झोपते, या प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून या दोहोंचा मेळ बसत नाही.

रात्रीचा उल्लेख अकारण केलेला नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु विभागात मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १० बालके दगावली. ७ वाचविता आली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तत्कालीन अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागातील ११ रुग्ण मृत्यू पावले. ही दिव्यांगांची निवासगृहे नव्हती हे खरे. पण या दोन्ही ठिकाणी आत असलेले जीव ‘निघणारे’ नव्हते, त्यांना ‘काढावे’ लागणार होते.

५. इशाऱ्याची भाषा

धोक्याची घंटा हीही एक भाषिक खूण आहे, आणि कोणत्याही खुणेप्रमाणे तिला ग्रहण करणारा लागतो. कर्णबधिर निवासींना लुकलुकणारा दिवा किंवा उशीखालील कंपनयंत्र हवे. अंधांना दिशा सांगणारा आवाज आणि पायाला जाणवणारी पट्टी हवी. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांना फलकावरील मजकुरापेक्षा नित्याच्या सरावाने अंगवळणी पडलेली कृती अधिक उपयोगी पडते. कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही हाच विचार लागू होतो. संहिता इंग्रजीत आहे, आणि मध्यरात्री ती अमलात आणणारी सेविका मराठी वाचणारी आहे. ‘निष्कासन मार्ग’ या फलकापेक्षा ‘बाहेर जाण्याचा रस्ता’ हा फलक अर्थदृष्ट्या काही उणा नाही, आणि तो अधिक लवकर कळतो.

६. ‘करील’ आणि ‘करावे’

कायद्याच्या मराठीत बंधनकारक तरतूद ‘करील’ अशा भविष्यकाळी रूपाने आणि ऐच्छिक तरतूद ‘करता येईल’ अशा रूपाने लिहिण्याचा प्रघात आहे. ‘करावे’ हे विध्यर्थी रूप मात्र संदिग्ध आहे. त्यात आज्ञाही असते आणि उपदेशही. दिव्यांगांच्या सुगम्यतेविषयी हीच संदिग्धता सर्वोच्च न्यायालयापुढे आली. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने २०१७ च्या नियमांतील १५ वा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला. अधिनियमास बंधनकारक मानके अपेक्षित असताना नियमाने केवळ शिफारसवजा मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखविले, हे त्याचे कारण होते. अनिवार्य मानके वेगळी काढून ती तीन महिन्यांत निश्चित करावीत, असा आदेश केंद्र शासनास देण्यात आला.

मूळ अधिनियमात नव्या इमारतींना परवानगी व पूर्णत्वाचा दाखला देताना सुगम्यतेची अट आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. ती जून २०२२ मध्ये संपली. हा प्रश्न जुन्या शहरांत विशेष कठीण होतो. जालना शहरातील मस्तगडचे उदाहरण घेता येईल. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आसफजाहच्या काळात ही गढी उभी राहिली, आणि पुढे तिच्यात नगरपालिकेची कार्यालये आली. गढीची रचना बाहेरच्यास आत येऊ न देण्यासाठी केलेली असते. आतल्यास लवकर बाहेर पडता यावे हा तिचा हेतू नसतो. अशा परिसरातील एखाद्या जुन्या वाड्यात उद्या दिव्यांगांचे निवासगृह निघाले, तर वास्तूचा उपयोग बदलेल, पण उंबरठे, चिंचोळे जिने आणि अरुंद बोळ तेच राहतील. जालन्यास २०२३ मध्ये महानगरपालिका मिळाली. तेव्हा उपयोगातील असा बदल तपासण्याचे काम आता तिच्या नगररचना व अग्निशमन विभागांकडे येते.

७. उपसंहार

अग्निशमन यंत्रणेचे सहामाही प्रमाणपत्र नळकांडी, नळ आणि घंटा सुस्थितीत असल्याचे सांगते, आणि ते आवश्यकच आहे. परंतु रात्री दोन वाजता किती रहिवासी स्वतः निघतील, कितींना निघवणार नाही, कितींना काढावे लागेल, आणि काढणारे हात किती, या प्रश्नांचे उत्तर त्यातून मिळत नाही. ही चार संख्यांची नोंद प्रत्येक निवासगृहात ठेवली गेली, रहिवासी बदलतील तशी ती सुधारली गेली आणि तपासणीच्या वेळी इमारतीच्या नकाशाशेजारी मांडली गेली, तर वास्तूचा वर्ग, भिंतीची जागा आणि रात्रपाळीचे मनुष्यबळ ही तिन्ही एकाच आधारावर ठरविता येतील. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. संहितेतील ‘स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ’ हे शब्द त्यास पुरेसे आहेत.