योगाभ्यास आणि हृदय : दावा व प्रमाण

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे, प्रवरेच्या काठी, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये श्रीज्ञानदेवांनी गीतेवरील आपली टीका सिद्ध केली. तिच्या सहाव्या अध्यायात आसन, बंध व कुंडलिनी यांचे सविस्तर विवेचन आहे. तथापि तेथील योगाचे प्रयोजन ब्रह्मैक्य हे आहे, रोगनिवारण नव्हे. हृद्रोगात योगाचा उपयोग होतो काय, हा प्रश्न अर्वाचीन असून त्याचे उत्तर ग्रंथप्रामाण्याने नव्हे, तर मोजमापानेच द्यावयास हवे.

या मोजमापाचा पाया महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंदांनी घातला. १९२४ साली त्यांनी लोणावळे येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून यौगिक क्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला.

योगी इच्छेनुसार हृदय थांबवू शकतो, हा दावा त्या काळी विशेष कुतूहलाचा होता. वेंगर, बागची व आनंद या संशोधकांनी भारतात अशा चार अभ्यासकांची परीक्षा करून १९६१ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांपैकी तिघे श्वास रोखून छाती व पोटाचे स्नायू आवळीत. या क्रियेने हृदयाकडे परतणारे रक्त घटते, मनगटाची नाडी हाताला लागेनाशी होते व ठोकेही मंद ऐकू येतात. परंतु विद्युत्‌-आलेखात हृदयाचे कार्य अखंड चालू असल्याचे दिसले. चौथ्याने आपली हृदयगती बरीच मंद केली. थांबविली मात्र कोणीच नाही. रुग्णाच्या दृष्टीने यातील बोध असा की, असे बलपूर्वक कुंभक रक्तदाबात तीव्र चढउतार घडवितात. ते त्याने वर्ज्य करणेच इष्ट.

याउलट, अधिक साध्या क्रियेचे फळ अधिक भरीव आढळले. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरील शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषध न घेणाऱ्या दहा रुग्णांचा सरासरी धमनीदाब पाऱ्याच्या १३४ मिलिमीटरवरून १०७ वर आला. या अभ्यासात यदृच्छेने निवडलेला तुलनागट नव्हता, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. कारण वारंवार मोजल्यानेही दाब काहीसा उतरलेला दिसतो.

या परिणामाची कारणमीमांसा करता येते. महाधमनीच्या व मानेतील धमन्यांच्या भित्तींत दाबाची जाणीव घेणारी मज्जाग्रे असतात. श्वसन संथ झाले असता त्यांची प्रतिक्रिया अधिक तीक्ष्ण होते, व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढून हृदयगती मंदावते आणि सूक्ष्म धमन्या शिथिल होऊन दाब उतरतो.

तुलनागटाची उणीव पुढील संशोधनाने भरून काढली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांचा, भारतातील २४ रुग्णालयांतून केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अथवा हृदयविकारामुळे तातडीने रुग्णालयात दाखल होणे, यांपैकी काही योगगटात १३१ जणांच्या व तुलनागटात १४६ जणांच्या वाट्याला आले. हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या निर्णायक नाही. परंतु रुग्णांनी स्वतः सांगितलेले स्वास्थ्य व पूर्वीच्या कामांकडे परतणे, या दोन्ही बाबतींत योगगट सरस ठरला.

सारांश, प्रमाणाच्या कसोटीवर दावा संकोच पावला, पण जे उरले ते दृढ झाले. योग हा औषधाचा पूरक होय, पर्याय नव्हे. उच्च रक्तदाब बहुधा लक्षणांवाचून वाढतो. शवासनानंतर वाटणारी स्वस्थता हे दाब उतरल्याचे प्रमाण मानून गोळ्या सोडणारा रुग्ण स्वतःला संकटात लोटतो. म्हणून खेड्यापाड्यांतून योगवर्गाचा प्रसार करणाऱ्यांनी आसनाच्या चटईबरोबर रक्तदाबमापकही न्यावा, आणि आमच्या विद्यार्थ्यांनी तुलनागटासह त्याच्या नोंदी ठेवाव्यात, हेच या विषयातील पुढचे कार्य होय.